मठातील मद्य आणि झऱ्याचे पाणी

अग्रलेखाच्या जागी संपादक बिअरची चव सांगावयास बसलेला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु आपल्याकडे ज्या घरात एकादशी पाळली जाते, त्याच घराच्या परसात फाल्गुन-चैत्रात शेजारच्या भाटीवरील हुर्राकाचा वास येतो आणि कोणी नाक मुरडीत नाही. त्या भरवशावर हे धाडस करीत आहोत.

बेल्जियमच्या दक्षिणेस आर्देनच्या डोंगराळ मुलखाजवळ रोशफोर नावाचे गाव आहे. तेथील सेंट रेमी मठात त्रापिस्त पंथाचे ख्रिस्ती साधू राहतात व बिअर गाळतात. त्यांची सर्वांत कडक बिअर ‘रोशफोर १०’ या नावाने ओळखली जाते. युरोपातून परतलेल्या एका स्नेह्याने तिची ३३ सेंटिलिटरची बाटली आम्हांस आणून दिली. ‘१०’ हा आकडा मद्यार्काचा नव्हे. गाळण्यापूर्वीच्या रसाची घनता मोजण्याच्या जुन्या बेल्जियन मापाचा तो अवशेष आहे. मद्यार्क ११.३ टक्के, म्हणजे आपल्या दुकानांतील साध्या बिअरच्या दुपटीहून अधिक.

स्नेह्याने बजावले होते की, ही बर्फासारखी थंड करू नये. त्याप्रमाणे माठातल्या पाण्याइतकीच गार ठेविली. पेल्यात ओतताच काळसर तांबूस रंग आणि वर गव्हाळ फेस आला. वास प्रथम सुक्या अंजिराचा व मनुकांचा, त्यामागून लवंगेचा. पहिला घोट जिभेवर आला तेव्हा माडाचा काळा गूळ कढईच्या तळाशी किंचित लागला असता जी चव येते, ती आठवली. मग गोडवा ओसरतो, कोकोसारखा कडूपणा उरतो आणि छातीत मंद ऊब पसरते. फेणीचा पहिला घोट जसा दार ठोठावून येतो, तसा हा येत नाही. हा पाहुणा पाऊल न वाजविता आत येतो, आणि म्हणून अधिक जपावयास हवा. या बिअरमध्ये धणे पडतात असे कळल्यावर आमच्या घरातील स्वयंपाकघराचा तिच्याविषयीचा राग जरा निवळला!

साधू आणि सुरा ही जोडी आपल्या मनाला विसंगत वाटते. परंतु सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमांत साधूंनी स्वतःच्या हातांच्या कष्टांवर जगावे अशी आज्ञा आहे, आणि द्राक्षमद्याचे रोजचे मापही ठरवून दिले आहे. त्यातही गंमत अशी की, कडक बिअर हे साधूंचे नित्याचे पेय नव्हे. वेस्टमालच्या मठात त्यांच्या जेवणासाठी पाच टक्क्यांहूनही सौम्य अशी निराळी बिअर असते. साडेनऊ टक्क्यांची प्रसिद्ध ‘त्रिपेल’ जगाला विकावयाची.

या कडकपणाला एका कायद्याचाही हातभार लागला आहे. कामगारवर्ग जिनच्या आहारी जातो म्हणून समाजवादी नेते व तत्कालीन न्यायमंत्री एमिल व्हांडरवेल्दे यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये बेल्जियमच्या पानगृहांतून ऊर्ध्वपातित मद्याची विक्री बंद करण्यात आली. पिणाऱ्यांनी पिणे सोडले नाही. त्यांनी तोच जोर बिअरमध्ये शोधला आणि बिअर गाळणाऱ्यांनी तो पुरविला. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. अबकारी खात्याच्या फायलींत सदाचार शोधणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

तथापि आम्हांस लेखणी उचलावयास लावले ते त्या बिअरच्या पाण्याने. रोशफोरचे साधू त्रिदेन नावाच्या झऱ्याचे पाणी वापरतात आणि गावही तेच पाणी पिते. शेजारीच चुनखडीची खाण आहे. ती अधिक खोल करण्यासाठी भूजल उपसावयाचा बेत कंपनीने केला व झऱ्याऐवजी पंपाने पाणी पुरवू असे आश्वासन दिले. साधूंनी ते नाकारले. मौनाला मोल देणारी ही माणसे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढली, आणि २०२१ मध्ये लिएजच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिरगाव-पिसुर्ल्याच्या कोरड्या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘पंपाने पाणी पुरवू’ या शब्दांचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे टँकर म्हणतात, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट नावाची. १९९७ मध्ये त्रापिस्त मठांनी आपली संघटना उभारली आणि आपल्या शिक्क्याचे नियम ठरविले: पेय मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली तयार व्हावे आणि उत्पन्न मठाच्या निर्वाहास व धर्मादायास जावे. आकेलच्या मठातील अखेरचे साधू निघून गेले तेव्हा २०२१ मध्ये तेथील बिअरचा शिक्का गेला. कृती तीच होती, भांडी तीच होती. पण माणसे नव्हती, म्हणून नाव काढून घेतले.

आपल्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये वारसापेयाचा दर्जाही मिळाला. सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. पण बोंडे मळून भाटी लावणाऱ्या घरांतील तरुण बोटीवर किंवा हॉटेलात नोकरी पाहतात, आणि दिमाखदार बाटलीतील फेणी कोणत्या गावच्या भाटीवरची, हे प्रत्येक बाटलीवरून गिऱ्हाइकास कळते असेही नाही. येत्या हंगामात सरकारने निदान एवढे करावे: बाटलीवर भाटीचे गाव आणि गाळणाऱ्याचे नाव छापणे बंधनकारक करावे. त्यास फार खर्च लागत नाही.

रोशफोरच्या बाटलीच्या तळाशी थोडा गाळ उरतो. काही जण तो टाकून देतात. आम्ही तो ओतून घेतला. पेला गढूळ झाला, आणि धण्याचा वास तेव्हाच खरा आला.