पर्ल आज्ञावलीतील संक्षेप व सुबोधता

पर्ल या संगणकीय भाषेत आज्ञावली (प्रोग्रॅम) किती थोडक्यात लिहावी आणि ती इतरांना कितपत कळावी, याविषयीचा वाद. भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेले अमेरिकन संगणकतज्ज्ञ लॅरी वॉल यांनी ही भाषा १९८७ साली प्रसृत केली. युनिक्स प्रणालीवरील मजकुराच्या फायलींतून हवी ती माहिती वेचून तिचे अहवाल तयार करणे, हा तिचा मूळ उद्देश. असे काम पुष्कळदा एकदाच करावयाचे असते. ते चटकन उरकण्याची सोय भाषेच्या घडणीतच आहे. एकच गोष्ट करण्याचे अनेक मार्ग असावेत, हे पर्लचे घोषवाक्य प्रसिद्ध आहे.

संक्षेपाचे मुख्य साधन म्हणजे अध्याहृत पदे. मराठीत ‘आलो’ एवढे म्हटले तरी कर्ता कळतो. पर्लमधील अनेक आज्ञांना त्याप्रमाणे कर्म दिले नाही, तर ‘$_’ या चलाचे मूल्य घेतले जाते. हा चल एखाद्या सर्वनामासारखा आहे. फाइल उघडणे, तिची एकेक ओळ चलात साठविणे, तीत विशिष्ट शब्द आहे का हे पाहणे व असल्यास ती छापणे, हे सारे विस्ताराने लिहिल्यास पाचसहा ओळी लागतात. अध्याहृत पदांमुळे ते एका ओळीत मावते. कमीत कमी अक्षरांत आज्ञावली लिहिण्याच्या खेळाला ‘पर्ल गोल्फ’ असे नाव मिळाले. कमीत कमी फटके मारणारा गोल्फमध्ये जिंकतो, त्यावरून हे नाव आले. खेळ म्हणून तो निरुपद्रवी आहे. त्यातील सवयी कचेरीच्या कामात उतरल्या म्हणजे अडचण होते.

ही अडचण केवळ दुर्बोधतेची नसते. ‘$_’ हा चल साऱ्या आज्ञावलीस सामाईक आहे. एक आवर्तन फाइलीच्या ओळी त्यात घेत असताना मधेच बोलाविलेल्या उपआज्ञावलीनेही त्यातच दुसरी फाइल वाचली, तर पहिली ओळ नाहीशी होते आणि सूचनाही मिळत नाही. येथे न लिहिलेले पदच चुकीचे कारण ठरते. एकदाच वापरावयाची म्हणून लिहिलेली आज्ञावली पुढे वर्षानुवर्षे रोज रात्री चालत राहते आणि लिहिणारा निघून गेलेला असतो, तेव्हा अशी चूक शोधणे फार जड जाते.

तथापि विस्तार म्हणजे सुबोधता नव्हे. मजकुरातील आकृतिबंध शोधणारे वीस अक्षरांचे सूत्र (रेग्युलर एक्स्प्रेशन) जे काम करते, तेच एकेक अक्षर तपासून करू गेल्यास चाळीस ओळी होतात व मूळ हेतू त्यांत हरवतो. रँडल श्वार्ट्‌झ यांची १९९४ मधील क्रमवारीची रीतही अशीच आहे. प्रत्येक घटकाला त्याची क्रमदर्शक किंमत जोडणे, त्या किंमतीवरून क्रम लावणे व मग ती काढून टाकणे, या तिच्या तीन पायऱ्या एकाच विधानात येतात आणि ते खालून वर वाचावे लागते. नवख्यास ते कोडे वाटते. जाणकारास मात्र तो परिचित वाक्प्रचार असतो. त्यामुळे ओळी मोजून हा वाद सुटत नाही. आज्ञावली कोण वाचणार व ती किती काळ टिकणार, हे पाहावे लागते.

१९९४ मधील पर्ल ५ या आवृत्तीत सूत्रे मोकळी जागा सोडून, अनेक ओळींत व टिपांसह लिहिण्याची सोय झाली. सूत्राशेजारीच भाष्य लिहिण्याची ही व्यवस्था दोन्ही पक्षांना मानवणारी आहे. डेमियन कॉनवे यांनी २००५ साली लेखनशैलीचे २५६ नियम ग्रंथरूपाने मांडले आणि त्यांच्या आधारे आज्ञावली तपासणारी साधनेही निघाली. कॉनवे यांचा भर एकवाक्यतेवर आहे. सर्व नियम सर्वांना मान्य नाहीत. पर्ल ६ म्हणून विकसित झालेल्या आणि २०१९ साली राकू असे नामांतर झालेल्या भाषेत तर सूत्रातील मोकळ्या जागेला अर्थ नसणे, हाच मूळ नियम करण्यात आला आहे.