चिनी गिटार घेताना साउंडहोलची कड बघा

‘चिनी गिटार म्हणजे टाकाऊ’ हे आता डोक्यातून काढाच. बीजिंगच्या ईस्टमन कंपनीची हातघडणीची गिटार एकदा वाजवून बघा! ग्वेइचौ प्रांतातल्या चंगआनमध्ये तर गिटार-कारखान्यांची अख्खी वसाहत आहे.

स्वस्तातली निवडताना साउंडहोलची कड उजेडात धरा. वरच्या फळीच्या रेषा कडेवरून सलग आत उतरत असतील, तर लाकूड अखंड. थर दिसले, तर प्लाय. अखंड स्प्रूस लाकडाचा आवाज वाजवता वाजवता खुलत जातो, म्हणून पैसे तिथेच घाला. शिंपल्याची नक्षी नसली तरी चालेल.

बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा उंच आहे? घाबरू नका, बहुतेक वेळा सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) घासून काम भागतं. मान पिळलेली असेल तर मात्र ती गिटार सरळ परत ठेवा.