गोदामाला यंत्राचे कुलूप हवे का?

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्या गोदामात ड्रेस मटेरियलचे दोन गठ्ठे कमी भरले. गोदामाच्या चाव्या चौघांकडे होत्या. काम सोडून गेलेल्या एका कारागिराने त्याची चावी परत केली होती की नाही, हे कुणालाच आठवत नव्हते. संशय कुणावर तरी जायचाच. तो सर्वांत नव्या पोरावर गेला. तोंडावर कुणी काही बोलले नाही, पण सगळ्यांचे त्याच्याशी बोलणे कमी झाले. आठ दिवसांनी तो येईनासा झाला. पुढे हिशेब जुळवताना कळले की माल चोरीला गेलाच नव्हता. तो एका व्यापाऱ्याकडे गेला होता आणि चलन वहीत चढवायचे राहिले होते. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने माफ केले, पण कामावर परत आला नाही.

सूरह अल्-हुजुरातमध्ये फार संशय घेण्यापासून दूर राहण्याची ताकीद आहे. आम्ही ती वाचलेली होती, पाळली नव्हती.

मग घरात मशवरा झाला. मोठे भाऊ म्हणाले, सगळ्या दारांना कार्डाची यंत्रे बसवू. अब्बा म्हणाले, "चूक वहीत झाली, त्यात दार काय करणार?" दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे होते. म्हणून यंत्र घेण्याआधी आम्ही आठवडाभर एक साधी नोंद ठेवली: कोणत्या दारातून कितीजण जातात, कधी जातात आणि आत काय असते.

दुकानाचे शटर सकाळी आमच्यापैकीच एकजण उघडतो आणि रात्री बंद करतो. तिथे यंत्राचे काम नाही. हिशेबाच्या खोलीत दोघेच जातात. तिथे चांगल्या प्रतीचे साधे कुलूप पुरते. गोदामात मात्र दिवसभर अकराजणांची ये-जा असते आणि माणसे बदलत राहतात. चावीची नक्कल कोपऱ्यावर करून मिळते. कार्ड मात्र, माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी यंत्रातून रद्द करता येते. कुलूप बदलावे लागत नाही. आम्ही यंत्र फक्त याच दाराला बसवले. माणसे थोडी आणि कायमची असतील, तर साधे कुलूप बरे. माणसे पुष्कळ, बदलती आणि वेगवेगळ्या वेळांची असतील, तरच यंत्राचा खर्च सार्थकी लागतो.

बसवणाऱ्याला काही गोष्टी आधीच विचाराव्यात. पहिली विजेची. चुंबकी कुलूप सुमारे 270 किलोचा ओढा सहन करते, पण वीज गेली की ते आपोआप उघडते. दुसऱ्या प्रकारचे कुलूप वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहते. आमचे चुंबकी आहे. त्याला बॅटरी जोडली आहे, आणि रात्री बाहेरच्या शटरला जुने कुलूप लागतेच.

दुसरी गोष्ट आगीची. 2012 च्या सप्टेंबरमध्ये कराचीच्या बलदिया टाऊनमधील कपड्यांच्या कारखान्यात आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार दगावले. बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, खिडक्यांना गज होते. माल राखण्यासाठी लावलेले कुलूप माणसांच्या जिवावर उठू नये. आतून बाहेर येताना कार्ड लागता कामा नये. दाराजवळ बटण हवे आणि कुलपाची वीज थेट तोडणारी आपत्कालीन कळही हवी. दर महिन्याला दोन्ही दाबून पाहावीत.

तिसरी गोष्ट ओळख पटवण्याची. बोटाच्या ठशाचे यंत्र लोकप्रिय आहे, पण कष्टाने झिजलेली बोटे ते नीट ओळखत नाही. वजू करून आलेल्या ओल्या बोटांनाही अडवते. चेहरा ओळखणारे यंत्र लावले, तर नकाब घेणाऱ्या भगिनींना दारात रोज अडचण. शिवाय कार्ड हरवले तर दुसरे देता येते, बोट दुसरे देता येत नाही. कामगाराचा ठसा ही आपल्याकडची अमानत आहे. अमानत ज्याची त्याला पोचवण्याची आज्ञा सूरह अन्-निसामध्ये आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही आपल्या देशात 2023 मध्ये झाला आहे. आम्ही कार्डच घेतले. मात्र अगदी स्वस्त, जुन्या पद्धतीच्या कार्डाची नक्कल सहज होते, म्हणून सुरक्षित प्रकारचे मागून घेतले.

यंत्राची नोंद सांगते की अमुक कार्डाने अमुक वेळी दार उघडले. ते कार्ड कुणाच्या हातात होते, हे ती सांगत नाही. म्हणून आपले कार्ड दुसऱ्याला द्यायचे नाही, असा नियम सर्वांना समजावून सांगितला. नोंद फक्त माल कमी भरला तरच पाहायची, तीही दोघांनी मिळून. कोण नमाजला किती वेळ गेला, हे मोजायला ती वापरायची नाही, हेही ठरले. आणि अब्बांच्या सांगण्यावरून चलन त्याच दिवशी वहीत चढू लागले. खरा फरक त्यानेच पडला.

हिजरी सन 8 मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची चावी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती आली. त्यांनी ती पूर्वीपासून सांभाळणाऱ्या हजरत उस्मान बिन तल्हा (रजि.) यांनाच परत दिली. आजही ती त्याच घराण्याकडे आहे. चावी देणे म्हणजे विश्वास देणे. यंत्र बसवा किंवा बसवू नका, ज्याला आत येऊ देतो त्याच्यावर पुराव्याशिवाय बोट ठेवू नका. आम्हाला हे एक माणूस गमावून कळले. अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.