शहरालगतच्या जमिनीस आजच गिऱ्हाईक कां ?

पुण्याच्या आसपासच्या गांवांत जमिनीचे दलाल हल्लीं बागाईतदारांच्या ओटीवर वारंवार दिसूं लागले आहेत. "भाव उतरण्यापूर्वीं सौदा उरकून घ्या," असा त्यांचा आग्रह असतो. भाव खरोखरच उतरणार असेल तर घेणारानें इतकी घाई कां करावी, हें मात्र ते सांगत नाहींत. घेणारास हा काळ अनुकूल कां वाटतो तें समजल्यावांचून विकणारानें बयाणा हातीं घेऊं नये, असें आमचें मत आहे.

पहिलें कारण हद्दवाढीचें. २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें पुणें महापालिकेंत घेण्यांत आलीं. पैकीं फुरसुंगी व उरुळी देवाची हीं पुढें निराळीं काढलीं गेलीं. गांव हद्दींत आलें कीं नळ, गटार व रस्ते उशिरा कां होईना पण येतात. घेणारा आज शेताचा भाव देतो आणि उद्यां प्लॉटचा भाव घेतो.

दुसरें कारण कायद्याचें, व तेंच आमच्या वाचकांस कमी ठाऊक आहे. पूर्वीं शेतजमीन बिनशेती करून घेण्यास कलेक्टर कचेरीच्या किती खेपा पडत, हें सांगावयास नको. २०१४ व २०१७ सालीं जमीन महसूल अधिनियमांत कलम ४२-अ ते ४२-ड घालण्यांत आलीं. मंजूर विकास आराखड्यांत जी जमीन रहिवासी पट्ट्यांत दाखविली आहे, तिला आतां बिनशेतीची निराळी परवानगी लागत नाहीं. या कलमांप्रमाणें रूपांतर कर व आकारणी भरली म्हणजे काम होत असे. (भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीस नजराण्याची बाब निराळी.) कलम ४२-ड अन्वयें गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आंतील जमिनीसही रहिवासासाठीं अशीच सवलत देण्यांत आली. मळा गांवठाणास लागून असतांही कित्येक शेतकरी तो निव्वळ जिराईत समजून विकतात. घेणारा मात्र नकाशा पाहूनच आलेला असतो.

तिसरें कारण व्याजाचें. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालांत रेपो दर शेंकडा ६.५० वरून ५.२५ वर आणला. जमिनींत अडकलेल्या भांडवलावर बांधकाम करणारास वर्षानुवर्षें व्याज भरावें लागतें. तें हलकें झालें कीं तो जमीन घेऊन ठेवण्यास धजतो. आतां असा विचार करा, वडिलार्जित जमिनीवर आपणांस कोणतें व्याज भरावें लागतें ? थांबण्याची ताकद त्याच्यापेक्षां आपलीच अधिक आहे. कर्जानें गांजलेल्यानें एखादा तुकडा विकून मोकळें व्हावें, त्यास आमचा विरोध नाहीं.

हडपसरच्या मगरपट्ट्यांतील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं हा हिशेब ओळखला. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें त्यांनीं जवळ जवळ ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग ठेवले. २००० सालच्या सुमारास बांधकाम सुरू झालें. नफ्याचा वांटा घरांत आलाच, शिवाय कित्येक घरांतील मुलें त्याच वसाहतींत ठेकेदारी करूं लागलीं.

ही गोष्ट प्रत्येक गांवीं साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. चार भावांचें एका बांधावर जमत नाहीं, तेथें शंभर खातेदारांचें जमणें कठीणच. शिवाय २००५ पासून वडिलार्जित मिळकतींत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. बहिणींच्या सह्या घेतल्या नाहींत तर करार कोर्टांत अडकतो. भागीदारीचा करार नोंदलेलाच असावा, व सरसकट विक्रीचा अधिकार देणारें कुलमुखत्यारपत्र कोणासही लिहून देऊं नये. घरें घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकीं शेंकडा ७० रक्कम निराळ्या खात्यांत ठेवण्याचें बंधन महारेराखालीं आहे. त्या खात्याची माहिती जमीनमालकानें मागून घ्यावी.

दलाल पुन्हां येण्यापूर्वीं आपल्या गट नंबराचा झोन दाखला काढून आणावा. आराखडा मंजूर आहे कीं नुसता प्रारूप, आणि जमिनींतून रस्त्याचें किंवा बागेचें आरक्षण जातें कीं काय, हें भाव बोलण्याच्या आधीं पाहावें.