माथ्यावरचे ओझे आणि अंगावरची साधने

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याची गोणी पाठीवर वाहणारा हमाल आणि जिल्ह्यातील उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून मालमोटारीत चढणारी तोडणी कामगार स्त्री, या दोघांच्या उपजीविकेचे भांडवल एकच : स्वतःची मान व कंबर. हे भांडवल लवकर झिजते. त्याचे रक्षण करण्यासाठी अंगावर धारण करावयाची साधने आता बाजारात येऊ लागली असून, त्यांची उपयुक्तता पारखून घेणे अगत्याचे आहे.

असे साधन आपणांस नवे नाही. चुंबळ हे त्याचेच जुने रूप होय. कापडाची ती वळी ओझ्याचा दाब डोक्याच्या अधिक भागावर पसरविते. मानेच्या मणक्यांना मात्र संपूर्ण ओझे पेलावेच लागते.

कमरपट्ट्याविषयी तर बराच गैरसमज आहे. निरोगी कामगाराने पट्टा बांधल्यास कंबरेची इजा टळते, याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये काढला. पट्ट्याने धीर येतो, आणि त्या धीरावर माणूस पेलवेल त्याहून अधिक उचलतो, हा धोका वेगळाच.

‘एक्सोस्केलेटन’ नामक बाह्य सांगाड्याची गोष्ट निराळी आहे. यातील साध्या प्रकारात विजेची मोटार नसते. कामगार वाकला की स्प्रिंग ताणली जाते आणि उठताना तीच शक्ती परत मिळते. अशा सांगाड्यांमुळे पाठीच्या स्नायूंचे कार्य १० ते ४० टक्क्यांनी घटल्याचे २०१६ मधील एका शास्त्रीय आढाव्यात नमूद आहे. तथापि, त्या प्रमाणात छाती व मांड्यांवर दाब येतो. फळीवरून चढणाऱ्यास हा सांगाडा अडचणीचाच ठरावा. शिवाय सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. त्यात अंगावर आणखी पट्टे! गोदामात एका जागी उभे राहून थप्पी लावणाऱ्यास मात्र त्याचा लाभ होऊ शकेल.

मूळ प्रश्न ओझ्याच्या वजनाचा आहे. प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाचे ओझे ५५ किलोग्रॅमपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केली. कमाल वजनासंबंधीच्या त्याच वर्षीच्या कराराला भारताने २०१० मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम करून त्यांच्या रोजगाराचे नियमन व कल्याण यांची तरतूद केली होती. गोणी हलकी भरणे, मालमोटारीच्या फाळक्याएवढ्या उंचीचा ओटा बांधणे, ढकलगाडीसाठी आवारातील वाट सपाट ठेवणे, या गोष्टी बाजार समितीच्या आवाक्यातील आहेत आणि सांगाड्याच्या खरेदीपूर्वी करावयाच्या आहेत.

त्यानंतर सांगाडे घ्यावयाचेच झाल्यास प्रथम मोजकेच घ्यावेत. ते निरनिराळ्या बांध्याच्या हमालांना, आणि जेथे स्त्रिया काम करतात तेथे त्यांनाही, एक पूर्ण हंगाम वापरावयास द्यावेत. काचते कोठे, घाम किती येतो, पट्टे धुता येतात काय, याची नोंद त्यांच्याच तोंडून घ्यावी आणि मगच पुढील मागणी नोंदवावी.