आठ गुंठ्यांचे मैदान, विश्वचषकाची वाट

मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवरील म्हाळुंगे आणि लगतची बालेवाडी यांच्या परिसरात श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल वसले आहे. जानेवारी १९९४ मधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारण्यात आले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही येथेच पार पडल्या. याच संकुलात ३० जानेवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेतील फिलिपाइन्स आणि चायनीज तैपेई यांचा उपांत्यपूर्व सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पेनल्टी किकवर फिलिपाइन्सने ४-३ अशी बाजी मारली आणि त्या देशाच्या महिला संघाने विश्वचषक स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळविला. करोनाच्या साथीमुळे ही स्पर्धा प्रेक्षकांविना खेळविली गेली. त्यामुळे मुळशीच्या उंबरठ्यावर घडलेला हा प्रसंग तेथील मुलींना प्रत्यक्ष पाहता आला नाही.

फिलिपाइन्सची वाटचाल तेथेच थांबली नाही. जुलै २०२३ मध्ये या संघाने विश्वचषकात यजमान न्यूझीलंडला १-० असे हरविले. पुढे २१ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०२५ या काळात महिलांच्या फुटसाल खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा फिलिपाइन्समध्येच भरली. ती ब्राझीलने जिंकली. फुटसाल हा खेळ काय आहे आणि अशा स्पर्धेपर्यंत एखादा देश पोहोचतो कसा, हे समजून घेणे आपल्याकडील मुलींच्या खेळाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

फुटसाल म्हणजे काय?

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाच्या मोंतेव्हिदेओ शहरात १९३० मध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकांनी मर्यादित जागेत खेळता येईल असा फुटबॉलचा प्रकार तयार केला. त्यातूनच आजचे फुटसाल विकसित झाले. यात प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह पाच खेळाडू असतात. गोलाची चौकट तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच असते. चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान आणि कमी उसळी घेणारा असतो. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असला, तरी चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबविले जाते.

या खेळात ऑफसाइडचा नियम नाही. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. सीमारेषेवरून चेंडू हाताने न फेकता पायाने आत टाकावा लागतो आणि त्यासाठी केवळ चार सेकंद मिळतात. एका डावात संघाचे ठरावीक पाच अपराध झाल्यानंतर सहाव्यापासून प्रत्येक अपराधाला बचावाची भिंत न उभारता थेट किक बसते. परिणामी धसमुसळेपणाला आळा बसतो. शरीरबळापेक्षा चपळाई, अचूक पास आणि तत्काळ निर्णय यांना महत्त्व येते, आणि प्रत्येक मुलीच्या पायाशी चेंडू वारंवार येतो.

पात्रतेची पायरी

विश्वचषकात खेळण्याची संधी खंडवार स्पर्धांतून मिळते. २०२५ च्या स्पर्धेत सोळा संघ होते. यजमान फिलिपाइन्सखेरीज आशियाला तीन जागा होत्या. त्यांचा निर्णय मे २०२५ मध्ये चीनमधील होहोत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत झाला आणि जपान, थायलंड व इराण हे संघ पात्र ठरले. इराणने २०१५ आणि २०१८ अशा दोन्ही आधीच्या आशियाई स्पर्धा जिंकल्या होत्या. म्हणजे विश्वचषक सुरू होण्याआधी दहा वर्षे तेथील मुली आंतरराष्ट्रीय फुटसाल खेळत होत्या.

होहोतच्या स्पर्धेसाठीही आधी पात्रता फेरी होतीच. जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशियातील योग्यकार्ता येथे झालेल्या या फेरीत भारताचा महिला फुटसाल संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी उतरला. त्याला पुढील फेरी गाठता आली नाही. अनुभवी संघांपुढे नवख्या संघाचे असे होणे स्वाभाविक होते. मात्र शिडीवर पहिले पाऊल पडले, हे महत्त्वाचे.

खेळाडूंचा साठा अपुरा असला, तर हाती आलेली संधीही निसटते याचा अनुभव आपण घेतला आहे. २०२२ च्या आशियाई चषकात भारत यजमान होता आणि तीच स्पर्धा विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यानंतर संघात करोनाचा प्रादुर्भाव झाला. २३ जानेवारी रोजी नवी मुंबईत चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी नियमानुसार किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि भारताने माघार घेतल्याचे मानण्यात आले. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून भारतीय महिलांनी २०२६ च्या आशियाई चषकात पात्रता फेरीतून स्थान मिळविले, ही समाधानाची बाब आहे.

जागेचे गणित

खेळाडूंचा साठा वाढवायचा, तर गावोगावी मुलींना खेळायला जागा हवी. आंतरराष्ट्रीय मापाच्या, १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद फुटबॉल मैदानास सुमारे पावणेदोन एकर सपाट जमीन लागते. मुळशीचा बराचसा भाग डोंगरउताराचा व भातखाचरांचा आहे आणि पश्चिमेस पाऊस मुसळधार पडतो. तेथे एवढी जमीन एका शाळेला मिळणे कठीण. उलट चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद फुटसाल मैदान आठ गुंठ्यांत बसते. हँडबॉलच्या मैदानाचे मापही नेमके हेच असल्याने दोन्ही खेळांना एकच जागा पुरते. वर छप्पर घातल्यास पावसाळ्याचे चार महिने सराव खंडित होत नाही.

येथे एक दक्षता घ्यावयास हवी. या खेळासाठी लाकडी किंवा कृत्रिम पृष्ठभाग योग्य मानला जातो. सिमेंट काँक्रीट किंवा डांबर टाळावे, असे खेळाचे नियमच सांगतात, कारण कठीण जमिनीवर गुडघे व घोटे दुखावतात. म्हणून छपराइतकाच खर्च जमिनीवरही धरला पाहिजे. मैदानाजवळ स्वच्छतागृह, कपडे बदलण्यासाठी खोली आणि सायंकाळी मुलींना घरी परतण्यासाठी वेळेवर वाहन या सोयी नसतील, तर उत्तम मैदानही ओस पडेल.

म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात विश्वचषकाचे दार उघडताना एका देशाने पाहिले. पौड, पिरंगुट किंवा माले येथील मुलींसाठी ते दार शाळेजवळच्या आठ गुंठ्यांतून उघडू शकेल. त्यासाठी ग्रामपंचायत, शाळा आणि पालक यांनी एकत्र बसून जागा ठरविणे, ही त्या वाटेवरील पहिली पायरी होय.