किरणोपचारानंतरची मान आणि चुंबकीय प्रतिमा

घशाच्या वा स्वरयंत्राच्या कर्करोगावरील किरणोपचार संपले, की मानेतील ऊतके सुजतात व पुढे कठीण होतात. या काठिण्यात रोगाचा अवशेष दडला आहे काय, हे चाचपून कळत नाही. तपासणीसाठी तुकडा काढावा, तर रक्तपुरवठा क्षीण झालेल्या ऊतकात जखम भरून येणे दुर्घट. थांबावे, तर शस्त्रक्रियेची संधी हुकण्याचे भय.

एमआरआय येथे उपयोगी पडतो तो पाण्याच्या रेणूंच्या हालचालीमुळे. अर्बुदात पेशींची दाटी असल्याने रेणूंचे विसरण खुंटते. सुजेत ते मोकळेपणी होते. मात्र विसरणांक कमी दिसला म्हणजे रोग उलटलाच, असे मानणे घाईचे ठरेल. जुन्या, पक्व व्रणातही तो कमीच असतो. टी२ प्रतिमेत असा व्रण काळसर दिसतो, अर्बुद मध्यम उजळ; आणि उच्च बी-मूल्याच्या विसरण-प्रतिमेत अर्बुद चमकते, व्रण चमकत नाही. तिन्ही प्रतिमा शेजारी ठेवूनच निर्णय करावयाचा असतो.

पहिली प्रतिमा साधारण १२ आठवड्यांनी घेतात. तत्पूर्वीची सूज फसवी असते. पुढील प्रत्येक प्रतिमा हिच्याशीच ताडून पाहावयाची. जबड्यात धातूची पट्टी बसविलेली असल्यास विसरण-प्रतिमा विकृत होते; अशा रुग्णात टी२ प्रतिमेवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.